ठाण्यातली बंदूक, आखाड्यावरचा डबा

लोकसभेची निवडणूक १६ मार्च २०२४ रोजी जाहीर झाली. परभणीचं मतदान २६ एप्रिलला होतं आणि निकाल ४ जूनला. निवडणूक लागली की जिल्हाधिकारी कार्यालयातून कागदांचा पूर वाहतो. त्यातला एक बारीक ओघ शस्त्र परवानाधारकांच्या दारी जातो: नोटीस हाती पडल्यापासून सात दिवसांत आपलं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करा. लोकसभा उरकली तोच १५ ऑक्टोबरला विधानसभा जाहीर झाली आणि छाननी, नोटीस, जमा हे चक्र पुन्हा फिरलं. एखाद्याचं नाव दोन्ही वेळा यादीत आलं असेल तर त्या वर्षातले चार महिने त्याची बंदूक घरात नव्हती.

जमा करण्याची रीत बहुतेक ठाण्यांत सारखीच असते. ठाणे अंमलदारासमोर बंदूक उघडून ती रिकामी असल्याचं दाखवायचं. परवान्यावरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला जातो. जुन्या बाराबोअरवरचा क्रमांक पुसट झालेला असतो, मग कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावतं आणि दुसरा आकडे मोठ्याने वाचतो. काडतुसं मोजून वेगळी ठेवतात. रजिस्टरला नोंद होते आणि चापाभोवतीच्या कडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधली जाते. मालकाच्या हातात एक पावती पडते. निकालानंतर आठवडा उलटला की तीच पावती दाखवून बंदूक घरी न्यायची.

या व्यवहारात मालकी जात नाही, परवाना रद्द होत नाही, कोणावर गुन्हा लागत नाही. घातक वस्तू काही काळ घराबाहेर राहते आणि मुदत संपली की परत मिळते. एवढी साधी आणि इतक्या वेळा गिरवलेली दुसरी पद्धत आपल्या प्रशासनाकडे क्वचितच असेल. पण ती चालते सरकारला वाटणाऱ्या भीतीवर. मतदानाच्या दिवशी काही होईल, अशी शंका जिल्हाधिकाऱ्यांना आली की दार उघडतं. घरातल्या बाईला, बापाला, भावाला आपल्याच माणसाबद्दल तशी शंका आली तर त्यांनी कोणतं दार ठोठावायचं, याचं उत्तर शोधत मी या विषयात शिरलो. शोध बंदुकीपासून सुरू झाला, पण बंदुकीपाशी थांबला नाही.

आधी बंदुकीचं पाहू. पूर्वी निवडणूक आली की सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेतली जायची. त्याविरुद्ध लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर निवडणूक आयोगाने जिल्हावार छाननी समिती नेमण्याची पद्धत घालून दिली. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, आधी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत नाव आलेले, अशांची प्रकरणं एकेक करून तपासायची आणि गरज असेल तिथेच नोटीस काढायची. बँकांचे सुरक्षारक्षक आणि नेमबाजीचे खेळाडू यांना सूट. मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानेही हेच सांगितलं, की केवळ निवडणूक आहे म्हणून सरसकट शस्त्रं मागता येणार नाहीत. बँकेच्या दारातल्या निवृत्त फौजीसाठी ही सूट म्हणजे पोटाचा प्रश्न आहे. त्याची नोकरीच मुळी स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीवर मिळालेली असते. ती जमा झाली तर दारात नुसता गणवेश उभा राहतो, आणि त्याचा पगार कोणती एजन्सी देईल?

शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या २१ व्या कलमात जमा करण्याची कायमची सोय आहे. परवान्याची मुदत संपली, परवाना रद्द झाला, परवानाधारक वारला, म्हणजे शस्त्र जवळ ठेवणं बेकायदा ठरलं, की विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायचं. सैन्यातला माणूस असेल तर युनिटच्या शस्त्रागारात. ठरलेल्या मुदतीत वारसाने स्वतःचा परवाना काढला तर बंदूक त्याला मिळते, किंवा ती विकता येते. काहीच केलं नाही तर सरकारजमा. आजोबांची बंदूक ठाण्यात गेली आणि तिथेच राहिली, ही गोष्ट मराठवाड्यातल्या जुन्या वतनदार घरांत ऐकायला मिळते. ती सांगताना आवाजात बंदुकीपेक्षा गेलेल्या मानाची हळहळ जास्त असते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवायची मुभा राहिली आणि तिसरं जमा करायला वर्षाची मुदत मिळाली. लग्नात हवेत बार उडवणाऱ्यालाही त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला.

परवाना देताना कायदा बरंच काही विचारतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराच्या शारीरिक आणि मानसिक प्रकृतीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यात तो नशेच्या आहारी गेलेला नाही, याचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. शस्त्र सुरक्षित ठेवीन, अशी हमीही द्यावी लागते. पण हे सगळं दारातून आत येताना. माणूस आत आला, परवाना मिळाला, पाच वर्षांची मुदत सुरू झाली आणि मधेच त्याचं बिनसलं, तर? कर्ज झालं, मुलगा गेला, दारू सुरू झाली, रात्र-रात्र झोप नाही, तर? सतराव्या कलमाखाली परवाना निलंबित करता येतो, पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागेल, पोलिसांचा अहवाल येईल, नवऱ्याविरुद्ध बायकोची सही कागदावर दिसेल. हे होईपर्यंत काळजीचे दिवस उलटून गेलेले असतात, किंवा नको ते घडून गेलेलं असतं.

घरच्यांनी बंदूक उचलून दुसरीकडे ठेवली तर? इथे कायद्यात एक बारीक गाठ आहे. तिसऱ्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. अपवाद आहे तो असा, की परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला ते नेता येतं, पण दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. ‘आमच्या माणसाचं मन थाऱ्यावर नाही, थोडे दिवस ही तुमच्याकडे राहू द्या’ हे कारण त्या यादीत नाही. बंदूक घेऊन ठाण्यात आलेल्या बाईवर कोणता फौजदार गुन्हा दाखल करील असं मला वाटत नाही. पण तिला आत ये म्हणणारं एकही वाक्य कायद्यात नाही, आणि मेव्हण्याच्या घरी बंदूक ठेवायला दिली तर मेव्हणा अडकू शकतो.

हाच पेच अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर आला. तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. काही राज्यांनी बंदूक हस्तांतरित करण्याआधी पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची केली, आणि मग मित्राची बंदूक चार दिवस सांभाळणंही हस्तांतरणच ठरू लागलं. म्हणून अशा तात्पुरत्या ठेवीसाठी अपवाद लिहावे लागले. युटा राज्यात तर एकाच घरात राहणाऱ्या कोणाकडून धोका वाटत असेल, तर बंदुकीचा मालक स्वतःहून ती पोलिसांकडे ६० दिवसांसाठी ठेवू शकतो, आणि त्यासाठी त्याला कोणी आरोपी करत नाही. कोलोरॅडोत बंदूक ठेवून घेणारी दुकानं आणि ठाणी कुठे आहेत, याचा नकाशाच तयार झाला. वॉशिंग्टन, व्हर्जिनिया आणि युटामध्ये याहून पुढची सोय आहे: माणूस शुद्धीत असताना स्वतःचं नाव एका यादीत घालू शकतो, म्हणजे पुढे वाईट दिवसांत त्याला कोणी बंदूक विकणार नाही. बंदुकीवर एवढं प्रेम करणाऱ्या देशाने हे मान्य करावं, याचं मला नवल वाटतं.

इस्रायलचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथे तरुण सैनिक आठवड्याच्या सुटीत रायफल घरी नेत. २००६ मध्ये सैन्याने ठरवलं, की सुटीवर जाताना ती छावणीतच ठेवायची. पुढच्या काळात सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. त्यातही घट दिसली ती मुख्यतः सुटीच्या दिवसांत. इतर वारी फारसा फरक नव्हता. स्वित्झर्लंडनेही २००३ मध्ये सैन्य जवळपास निम्मं केलं, घराघरांतल्या लष्करी बंदुका घटल्या, आणि त्या वयाच्या पुरुषांमधल्या आत्महत्या कमी झाल्या. दोन्हीकडे माणसं तीच होती आणि त्यांची दुःखंही तीच होती. बदललं होतं फक्त हात आणि बंदूक यांतलं अंतर. टोकाची वेळ बहुतेकांच्या बाबतीत फार थोडी असते. ती टळली की त्यातून वाचलेली बहुसंख्य माणसं पुढे आपलं आयुष्य जगतात. या एका गोष्टीवर संशोधकांचं जितकं एकमत आहे, तितकं या क्षेत्रात फार कमी गोष्टींवर आहे.

आता परभणी. डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी शस्त्र परवान्यांचे आकडे जाहीरपणे मांडले: बीडमध्ये १,२२२ आणि परभणीत ३२. बीडमध्ये मग परवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्दही झाले. बीडच्या आकड्यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली, परभणीच्या आकड्याकडे कोणी पाहिलं नाही. तो आकडा बरोबर धरला तर नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात तालुक्यामागे चारसुद्धा परवाने येत नाहीत. जिंतूरच्या डोंगराकडेला रानडुकरं आणि रोही पिकात घुसतात. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण शेतकरी फटाके फोडतो, झटका मशीन लावतो, रात्रभर जागलीला बसतो. बंदुकीच्या परवान्याच्या फंदात तो पडत नाही. घरातल्या बंदुकीने जीव जाणं हा परभणीचा प्रश्न नाही, आणि मी तो ओढूनताणून परभणीचा करणार नाही.

परभणीचा प्रश्न आखाड्यावर आहे. या भागात शेतातल्या गोठ्या-खोपीला आखाडा म्हणतात. जनावरं तिथेच, सालगडी तिथेच, कडबा तिथेच. ऑगस्ट-सप्टेंबरात कापूस आणि सोयाबीन भरात असताना कोणत्याही आखाड्यात डोकावा. खुंटीला पाठीवरचा पंप अडकवलेला असतो. खाली कडा तुटलेला प्लास्टिकचा मग, ज्याने फक्त औषधच मोजायचं असं ठरलेलं असतं, आणि तो धुवायला कोणी घरी नेत नाही. पत्र्याच्या आणि आडव्या लाकडाच्या बेचक्यात, किंवा भिंतीतल्या देवळीत, गेल्या फवारणीतून उरलेल्या बाटल्या असतात: एक अर्धी, एक पाव, एकीचं लेबल भिजून निघालेलं. लेबल शाबूत असेल तर त्यावर रंगीत त्रिकोण दिसतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. कुलूप दाराला नसतं. असलं तर त्याची किल्ली उंबऱ्याजवळच्या दगडाखाली असते आणि ते साऱ्या गावाला ठाऊक असतं.

या बाटलीवर कायदा कुठपर्यंत चालतो? कीटकनाशक अधिनियम १९६८ चा आणि त्याचे नियम १९७१ चे. कारखान्याला नोंदणी, विक्रेत्याला परवाना, गोदामाला अटी, बाटलीला त्रिकोण, सगळं आहे. मग येतं ३८ वं कलम. आपल्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या वहितीखालच्या जमिनीसाठी कीटकनाशक वापरणाऱ्याला या अधिनियमातलं काहीही लागू नाही. हेतू सरळ होता: शेतकऱ्यामागे इन्स्पेक्टरांचा ससेमिरा नको. हेतूशी माझं भांडण नाही. पण परिणाम असा, की कायदा कृषी सेवा केंद्राच्या पायरीपर्यंत येतो आणि शेताच्या बांधावर थांबतो. बंदुकीसाठी जन्मतारखेपासून मनःस्थितीपर्यंत चौकशी आणि आखाड्यावरच्या डब्यासाठी एक ओळसुद्धा नाही. २०२० मध्ये नवं कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्यावरची चर्चा बनावट औषधं आणि नुकसानभरपाईभोवती फिरली. घरातली साठवण हा कोणाचाच विषय नव्हता.

जिल्हाधिकारी एकच असतो, समित्या दोन. निवडणुकीत शस्त्रं कोणाची जमा करायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीत तो पोलीस अधीक्षकांसोबत बसतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर ते प्रकरण मदतीसाठी पात्र की अपात्र हे ठरवणाऱ्या जिल्हा समितीचाही तोच अध्यक्ष. पहिली समिती काही घडण्याआधी वस्तू बाजूला काढते. दुसरी घडून गेल्यावर सातबारा, कर्जाचा दाखला आणि शवविच्छेदन अहवाल तपासते आणि एक लाख रुपये द्यायचे की नाही ते सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या देशभरात नोंदल्या आहेत, त्यातल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रात. या संख्येपुढे दुसऱ्या समितीला कामाची कधीच वाण नसते. पहिल्या समितीची पद्धत या विषयाला लावून पाहावी, असं मात्र कोणाला सुचलेलं दिसत नाही.

सुचलं आहे, पण दुसरीकडे. आणि तिथल्या अनुभवातलं अपयशही सांगितलं पाहिजे, कारण घराघरांत कुलूपबंद पेटी वाटणं ही कल्पना कोणत्याही मंत्र्याला पहिल्या बैठकीतच आवडेल. श्रीलंकेच्या अनुराधपुर भागात संशोधकांनी १८० गावं घेतली. निम्म्या गावांत घरोघरी कुलूप लावता येणाऱ्या पेट्या दिल्या, निम्म्यांत दिल्या नाहीत, आणि तीन वर्षं पाहिलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: दोन्हीकडे फरक नाही. पेटी घरातच आणि किल्ली घरातच, मग कुलूप कोणापासून? त्याच श्रीलंकेत १९९५ पर्यंत सर्वांत जहाल गटातल्या कीटकनाशकांवर बंदी आली, १९९८ मध्ये एंडोसल्फानवर आली, आणि पुढच्या दहा वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. शेतीचं उत्पन्न कोसळलं नाही. आपल्याकडे यवतमाळमध्ये २०१७ च्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली, तेव्हा राज्य सरकारने पाच औषधांवर विदर्भातल्या काही जिल्ह्यांत बंदी घातली. ती ६० दिवसांची, कारण कायद्याने राज्याला तेवढाच अधिकार दिला होता. मोनोक्रोटोफॉसच्या प्रचलित द्रावणावर केंद्राने २०२३ मध्ये बंदीची अधिसूचना काढली, तीही जुना साठा संपवायला सवड ठेवून. माझ्या मते बंदी हाच पहिला उपाय आहे. बाकी सगळं त्यानंतर. पण बंदी दिल्लीत होते, आणि आखाड्यावरचा डबा आज रात्री तिथेच आहे.

तामिळनाडूतला प्रयोग त्या रात्रीच्या जास्त जवळचा वाटतो. चेन्नईच्या ‘स्नेहा’ संस्थेच्या संस्थापक डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या गटाने कडलूर जिल्ह्यातल्या काट्टुमन्नारकोइल भागात दोन गावांत कीटकनाशकांसाठी सामाईक साठवणघर उभारलं. बँकेच्या लॉकरसारखी रचना: प्रत्येक शेतकऱ्याचा आपापला कप्पा, एक किल्ली त्याच्याकडे, एक साठवणघर सांभाळणाऱ्याकडे. औषध हवं तेव्हा काढायचं, उरलेलं परत ठेवायचं. तुलनेसाठी आणखी दोन गावं होती. २०१३ मध्ये छापलेल्या निष्कर्षात साठवणघराच्या गावांत कीटकनाशकाने होणाऱ्या आत्महत्या घटल्याचं दिसलं आणि शेतकऱ्यांनी ही सोय वापरली. गावं थोडी होती, त्यामुळे हाच पुरावा म्हणून नाचायचं कारण नाही. पण श्रीलंकेची पेटी आणि तामिळनाडूचा कप्पा यांत जो फरक आहे, तोच ठाण्यातल्या बंदुकीत आहे. वस्तू उंबऱ्याबाहेर गेली आणि तिच्यापर्यंत जायला आणखी एका माणसाचं तोंड पाहावं लागलं.

हा बेत पाथरी-मानवतकडच्या कापूसवाल्यापुढे मांडला तर पहिली हरकत ठरलेली. “आवो, पाऊस उघडला की सकाळी सहाला फवारा धरावा लागतो. वारं सुटायच्या आत उरकायचं. किल्लीवाला झोपलेला असला म्हंजे?” हरकत खरी आहे. बोंडअळीने पात्या गळायला लागल्या की एक सकाळसुद्धा मोलाची असते. दुसरी हरकत लोक जरा आवाज खाली करून सांगतात: कोणी किती औषध आणलं, कोणाच्या उधारीवर आणलं, हे सगळ्या गावाला कळणार. भाऊबंदकीत तर कप्प्याचं कुलूप तोडल्याचे आरोपही होतील. तिसरी हरकत साठवणघराच्या जागेची. सोसायटीचं गोदाम असतं, पण त्याची किल्ली चेअरमनच्या घरी असते आणि चेअरमनशी निम्मं गाव बोलत नाही.

चौथी हरकत कोणी बोलून दाखवत नाही, पण मला ती सगळ्यात मोठी वाटते. यात पोलीस असतील का? बंदूक ठाण्यात जाते, कारण बंदुकीला दुसरी जागा नाही. डब्याचं तसं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर हिंसाचार आणि धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ते सगळं ताजं असताना या जिल्ह्यातल्या माणसाला स्वेच्छेने ठाण्याची पायरी चढायला सांगणं म्हणजे योजना पहिल्याच दिवशी मोडीत काढणं. एरवीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली लाठ्या-काठ्या, दगडधोंडे बाळगू नयेत असे पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश पेपरात इतक्या वेळा येतात, की लोकांना ‘जमा’ हा शब्द धाकाचाच वाटतो.

खरं तर गावातल्या बाया हे काम आजही करतात, पावतीशिवाय. नवरा चार दिवस गप्प-गप्प दिसला, जेवणावरून उठून जायला लागला, की आखाड्यावरचा डबा जावेच्या घरी जातो. ‘आमच्यात लेकरू रांगतंय, तुमच्याकडं असू द्या,’ असं कारण सांगतात. जाऊ काही विचारत नाही. तिला कळलेलं असतं. कधी पोरगा सकाळीच पंप आणि बाटल्या मोटारसायकलवर टाकून मामाच्या शेतावर ठेवून येतो. या कामाला कोणत्याही योजनेत नाव नाही, प्रशिक्षण नाही, त्यावर कोणाची सही नाही. आशाताईंना मात्र याची खबर असते. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून ‘प्रेरणा प्रकल्प’ चालतो. त्यात आशांनी घरोघर जाऊन ताणाखालची माणसं ओळखायची, त्यांना समुपदेशकाकडे न्यायचं आणि गरज पडली तर जिल्हा रुग्णालयात पाठवायचं, असं ठरलेलं आहे. आशांच्या प्रश्नांच्या यादीत झोप आणि भूक आहे. ‘औषध कुठं ठेवलंय, आणि थोडे दिवस दुसरीकडं ठेवता येईल का,’ हा एक प्रश्न वाढवायला फार मोठा जी.आर. लागणार नाही.

कायद्यानेही आता वाट मोकळी केली आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या ११५ व्या कलमाने सांगितलं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुनं ३०९ कलम त्यात घेतलंच नाही. त्यामुळे घरात असं काही घडू पाहतंय हे सांगणं म्हणजे आपल्या माणसाचा गुन्हा उघड करणं, ही भीती कागदावर तरी उरलेली नाही. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. तो ज्याचं मन खचलंय त्याच्यासाठी आहे, आणि डबा जावेकडे नेऊन ठेवणाऱ्या बाईसाठीही.

डबा परत कधी द्यायचा, हे ठरवणं त्यामानाने अवघड. निवडणुकीच्या बंदुकीला निकालानंतरचा आठवडा आहे, युटाच्या बंदुकीला ६० दिवस. माणसाच्या मनाला असं वेळापत्रक देता येत नाही. पण इथे शेती मदतीला येते. औषधाचं काम हंगामापुरतं असतं. कपाशीची शेवटची फवारणी झाली की उरलेली अर्धी-पाव बाटली पुढच्या जूनपर्यंत कोणाच्याच उपयोगाची नसते, पुष्कळदा तोवर तिची मुदतही सरते. तरी ती देवळीत राहते, कारण फेकायला जीव होत नाही आणि फोडलेली बाटली दुकानदार परत घेत नाही. परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. फवारणी कशी करावी, डोस किती घ्यावा हे तिथले शास्त्रज्ञ गावोगावच्या मेळाव्यांत सांगतात. त्याच मेळाव्यांना जोडून, कापूस वेचून झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत, गावात एक दिवस उरलेलं औषध जमा करून घेता येईल. कृषी सहायक, आशाताई आणि सोसायटीचा सेक्रेटरी, तिघं बसले की झालं. एक वही आणि एक पावतीपुस्तक. न फोडलेली बाटली जूनमध्ये पावतीवर परत, फोडलेली कायमची. कोणी का आणून दिली, हे विचारायचं नाही. त्या दिवशी जावेकडचा डबाही इतर चाळीस डब्यांच्या रांगेत उजळ माथ्याने येऊ शकेल.

फोडलेल्या बाटलीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघेल. तो रास्त आहे, कारण त्या अर्ध्या बाटलीची उधारी कृषी सेवा केंद्राच्या वहीत अजून उभी असते.